टॅब्लेट घ्यावा की हायब्रिड लॅपटॉप?

भोपाळच्या अरेरा कॉलनीत बिट्टन मार्केट ही बाजारपेठ आहे. तेथे एकीकडे भाजीपाल्याचा हाट भरतो आणि दुसरीकडे पक्क्या दुकानांच्या रांगा आहेत. हाटात आलेली गृहिणी वांगे दाबून पाहते, भेंडीचे टोक मोडून पाहते, कोथिंबिरीची जुडी उलगडून आत काय दडविले आहे ते तपासते आणि मगच पैसे पुढे करते. त्याच कुटुंबावर वीस-पंचवीस हजारांचे यंत्र घेण्याची वेळ आली म्हणजे मात्र ही सारी चिकित्सा बाजूस राहते. जाहिरातीतील चित्र, शेजाऱ्याचा अनुभव आणि दुकानदाराचा शब्द एवढ्यावर व्यवहार उरकला जातो. भाजीच्या बाबतीत जी सावधगिरी अंगवळणी पडली आहे, तीच या नव्या वस्तूच्या बाबतीत कशी बाळगावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रश्न केवळ हौसेचा नाही

मध्य प्रदेश शासनाच्या प्रतिभाशाली विद्यार्थी प्रोत्साहन योजनेखाली, राज्याच्या माध्यमिक शिक्षा मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना लॅपटॉपसाठी प्रत्येकी २५,००० रुपये देण्यात येतात. दिनांक ४ जुलै २०२५ रोजी ९४,२३४ विद्यार्थ्यांसाठी सुमारे २३५ कोटी ५८ लाख रुपये त्यांच्या बँक खात्यांत जमा करण्यात आले. येथे शासन यंत्र देत नाही, रक्कम देते. कोणते यंत्र घ्यावयाचे याचा निर्णय विद्यार्थी व त्याचे पालक यांच्यावर सोपविलेला आहे.

या निर्णयाशी मराठी भाषिकांचाही निकटचा संबंध आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ येथे आली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेच्या निमित्ताने व त्यानंतर नोकरीधंद्यासाठी अनेक मराठी कुटुंबे भोपाळास स्थायिक झाली. बैतूल, पांढुर्णा, छिंदवाडा, बालाघाट, बुऱ्हाणपूर या सीमावर्ती जिल्ह्यांतील मराठी घरांतील मुलेमुलीही उच्च शिक्षणासाठी राजधानीत येतात. अशा घरात ही रक्कम एकदाच येते. ती चुकीच्या यंत्रावर खर्ची पडली तर पदवीची तीन-चार वर्षे त्या चुकीची भरपाई करण्यात जातात. प्रकल्पलेखनासाठी मित्राचे यंत्र मागावे लागते, अर्ज भरण्यासाठी सायबर कॅफेत रांग लावावी लागते आणि घरात घेतलेले साधन केवळ चित्रपट पाहण्याच्या कामी येते.

दोन शासने, दोन साधने

साधनाची निवड कशी करावी, याचा उत्तम पाठ दोन शेजारी राज्यांच्या योजना शेजारी ठेवून पाहिल्यास मिळतो. नागपूर येथील महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच महाज्योती, ही महाराष्ट्र शासनाची संस्था जेईई, नीट व सीईटी या प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना टॅब्लेट आणि त्यासोबत इंटरनेट डेटा पुरविते. मध्य प्रदेश शासन बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास लॅपटॉपसाठी रक्कम देते. आणि त्याच मध्य प्रदेश शासनाने प्राथमिक शाळांतील शिक्षकांसाठी मात्र टॅब्लेटची योजना आखून प्रत्येकी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मंजूर केली.

वरवर पाहता यात विसंगती वाटेल. वस्तुतः तिन्ही निर्णयांत एकच सूत्र आहे. प्रवेशपरीक्षेचा विद्यार्थी तज्ज्ञांची व्याख्याने ऐकतो, आकृत्या पाहतो आणि चार पर्यायांतून एकाची निवड करतो. त्याचे काम मुख्यतः पाहण्याचे व ऐकण्याचे आहे. प्राथमिक शिक्षक माहिती भरतो, छायाचित्र काढतो, दीक्षा या राष्ट्रीय व्यासपीठावरील पाठ मुलांना दाखवितो. ही कामे उभ्या उभ्या, वर्गात फिरता फिरता करावयाची असतात. महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यास मात्र निबंध, अहवाल, हिशेबाची कोष्टके आणि संगणकाच्या आज्ञावली लिहावयाच्या असतात. त्याचे काम लिहिण्याचे व घडविण्याचे आहे. तात्पर्य, पाहणाऱ्या हाताला टॅब्लेट पुरतो. लिहिणाऱ्या हाताला कीबोर्ड लागतो. निवडीचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे.

हायब्रिड म्हणजे काय?

हायब्रिड हा शब्द ग्रामीण श्रोत्यांस नवा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी प्रसारात आली, तेव्हापासून तो शेतकऱ्याच्या तोंडी रुळला आहे. संकरित ज्वारीने दाण्याचे उत्पन्न वाढविले. परंतु तिचा ताट बुटका असल्याने कडबा कमी मिळाला आणि मालदांडीच्या भाकरीची गोडी तिला आली नाही, हेही शेतकऱ्याने अनुभविले. संकराने दोन्हीकडचे सर्व गुण एकत्र येतात असे नाही. काही मिळते, काही सोडावे लागते. चांगल्या जमिनीत व पुरेशा खतपाण्यावर संकरित वाण फळते, कोरड्या माळावर ते निराश करते.

हायब्रिड लॅपटॉपचेही तसेच आहे. त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात पडदा कीबोर्डपासून सुटा होतो आणि टॅब्लेट म्हणून हाती घेता येतो. दुसऱ्या प्रकारात बिजागरी पूर्ण वळते व पडदा पाठीमागे दुमडून यंत्र पाटीप्रमाणे वापरता येते. २०१२ च्या सुमारास असे दोन्ही प्रकार बाजारात आले. कल्पना मात्र पुष्कळच जुनी आहे. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ ॲलन के यांनी १९७२ सालीच मुलांना वहीसारखा हाती धरता येईल अशा संगणकाचा आराखडा मांडला होता.

पाटी व लेखणयंत्र यांचा हा संकर ज्याला खरोखरच दोन्ही कामे करावयाची आहेत, त्याला लाभदायक ठरतो. पडद्यावर लेखणीने आकृत्या काढून गणित शिकविणारा शिक्षक, स्थापत्यशास्त्राचा वा चित्रकलेचा विद्यार्थी, शिवारात पाहणी करून सायंकाळी कचेरीत बसून अहवाल लिहिणारा अधिकारी, यांना तो उपयुक्त आहे. परंतु या यंत्राला चांगली बिजागरी, स्पर्शाला प्रतिसाद देणारा पडदा आणि हलकी बांधणी हवी असते. या तिन्ही गोष्टी खर्चिक आहेत. म्हणून चांगल्या प्रतीचे हायब्रिड यंत्र त्याच ताकदीच्या साध्या लॅपटॉपपेक्षा महाग पडते. किंमत साध्या लॅपटॉपइतकी वा त्याहून कमी ठेवावयाची असेल, तर उत्पादकाला आतील भागांत काटकसर करावी लागते. स्वस्त हायब्रिडचा खरा धोका हाच आहे. पडदा दुमडतो, वळतो, दुकानात पाहणाऱ्याचे मन मोहून घेतो. पण चार कामे एकदम उघडली की यंत्र अडखळू लागते.

स्वस्ताईचा एक जुना धडा

केवळ किमतीकडे पाहून घेतलेले साधन कसे अपुरे पडते, याचा अनुभव देशाने पूर्वी घेतला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे आकाश या अत्यल्प किमतीच्या टॅब्लेटचे अनावरण झाले. शासनासाठी त्याची खरेदी किंमत २,२७६ रुपये होती. त्याचा पडदा सात इंची, रॅम केवळ २५६ एमबी, आणि पडदा बोटाने दाबल्यावरच प्रतिसाद देणारा होता. मंद गती व अल्पकाळ टिकणारी बॅटरी यांविषयी तक्रारी झाल्या. पुढे या प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीने पुढाकार घेतला आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सुधारित आकाश-२ चे प्रकाशन झाले. गोरगरीब विद्यार्थ्यांपर्यंत संगणक पोहोचावा हा हेतू स्तुत्यच होता. परंतु जे यंत्र काम करताना वाट पाहावयास लावते, ते विद्यार्थी लवकरच बाजूस ठेवतो, हाही त्याचा बोध आहे.

आत काय आहे, ते पाहावे

यंत्राचे बाह्यरूप पाहण्यापूर्वी तीन गोष्टींची चौकशी करावी. पहिली रॅम. ही कामाची चौकी होय. चौकी लहान असेल तर एक वही मिटल्याशिवाय दुसरी उघडता येत नाही. विंडोज ११ या प्रणालीसाठी किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण लागते, असे तिच्या निर्मात्यांनीच नमूद केले आहे. परंतु किमान म्हणजे पुरेसे नव्हे. लॅपटॉप असो वा हायब्रिड, ८ जीबी रॅम असावी. टॅब्लेटची प्रणाली हलकी असल्याने त्यास ४ जीबी चालू शकते, ६ जीबी असल्यास उत्तम.

दुसरी गोष्ट साठवण. ही घरातील कणगी होय. वेष्टनावर ६४ जीबी लिहिलेले असले तरी त्यातील बराच भाग प्रणालीच अडविते. स्वस्त यंत्रांत ईएमएमसी प्रकारची साठवण असते. ती मंद असते व मूळ पट्टीवर डाख देऊन बसविलेली असल्याने पुढे बदलता येत नाही. एसएसडी प्रकारची साठवण वेगवान असते आणि पुष्कळ साध्या लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढविताही येते. टॅब्लेटमध्ये मेमरी कार्ड बसविण्याची सोय आहे की नाही, हे आवर्जून विचारावे.

तिसरी गोष्ट प्रणालीचे आयुष्य. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही असे जुने लॅपटॉप बाजारात स्वस्तात मिळू शकतात. त्यांची केवळ किंमत पाहून भुलू नये. टॅब्लेटच्या बाबतीतही सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळतील हे विचारून घ्यावे. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर करावयाचे, त्याच्या दाराची कडी सैल असून चालत नाही.

मराठी लेखनाची कसोटी

शिक्षक, कचेरीतील कर्मचारी आणि स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी यांच्यासाठी मराठी लेखन ही महत्त्वाची कसोटी होय. टॅब्लेटच्या पडद्यावर बोटाने मराठी लिहिता येते, बोलून मजकूर उतरविताही येतो. निरोप, अर्ज, छोटे पत्र यांसाठी हे पुरेसे आहे. दहा पानी अहवाल लिहावयाचा म्हटले की, निम्मा पडदा कीबोर्डनेच व्यापला जातो व जोडाक्षरांपाशी गती मंदावते.

शिवाय नोकरीच्या वाटेवर टंकलेखनाचा टप्पा आहेच. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट अशी अर्हता असते. मध्य प्रदेशातील सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखन इनस्क्रिप्ट वा रेमिंग्टन पद्धतीने करावे लागते. हा सराव खऱ्या कळांवरच होतो. इनस्क्रिप्ट ही मांडणी देवनागरीसाठी मान्यताप्राप्त असून ती एकदा शिकली की मराठी, हिंदी, संस्कृत या तिन्ही भाषा त्याच बोटांनी लिहिता येतात.

आणखी एक अडचण कचेऱ्यांत नित्य आढळते. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या फायली टॅब्लेटवर उघडल्यास मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. ज्यांच्याकडे जुनी कागदपत्रे अशा स्वरूपात आहेत, त्यांना विंडोजचा लॅपटॉप सोयीचा पडतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास लागणारी टॅलीसारखी प्रणालीही अँड्रॉइड टॅब्लेटवर बसविता येत नाही.

विजेचा व वजनाचा विचार

टॅब्लेटच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टीही थोड्या नाहीत. दहा-अकरा इंची टॅब्लेटचे वजन सुमारे अर्धा किलो असते; साधा चौदा इंची लॅपटॉप सुमारे दीड किलोचा असतो. टॅब्लेट मोबाइलच्या चार्जरवर व पॉवर बँकेवर भारित होतो. ज्या गावात दुपारची वीज भरवशाची नाही, तेथे हा गुण फार मोलाचा आहे. कित्येक टॅब्लेटमध्ये सिम कार्डही बसते, त्यामुळे शेताच्या बांधावरूनही काम होते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेने गेल्या दशकात टॅब्लेटच्या साह्याने अध्यापन करून राज्यभरातील शिक्षकांचे लक्ष वेधून घेतले होते. लहान मुलांच्या हातांना, पुस्तक वाचणाऱ्या वृद्धांच्या डोळ्यांना आणि फिरतीवरील कर्मचाऱ्यांना टॅब्लेट खचितच सोयीचा आहे.

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. बहुतेक घरांत आज एक तरी स्मार्टफोन आहे. पाहणे, ऐकणे, देयक भरणे, निरोप पाठविणे ही कामे त्यावर होतच असतात. टॅब्लेट ही कामे मोठ्या पडद्यावर करून देतो, परंतु नवे काम फारसे देत नाही. लेखनाचे काम मात्र फोनने होत नाही. यास्तव ज्या घरात एकच खरेदी शक्य आहे आणि मुलगा वा मुलगी महाविद्यालयात जात आहे, तेथे पहिला मान कीबोर्ड असलेल्या यंत्राचा असावा.

किंमत पूर्ण मोजावी

टॅब्लेटची किंमत दहा-पंधरा हजार दिसते. त्यात कीबोर्ड, संरक्षक आवरण, मेमरी कार्ड आणि लेखणी यांची भर पडली की, तीच रक्कम साध्या लॅपटॉपच्या जवळ जाते. हायब्रिडसोबत लेखणी मिळतेच असे नाही. बहुधा ती वेगळी घ्यावी लागते. स्पर्शाचा पडदा फुटल्यास दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाइतका होऊ शकतो. म्हणून खरेदीच्या कागदावर दोन आकडे मांडावेत: आज द्यावयाची रक्कम आणि चार वर्षांत लागणारी एकूण रक्कम. दुसरा आकडा ज्याचा कमी, तो व्यवहार स्वस्त.

या हिशेबाने पाहता निवड पुढीलप्रमाणे करावी. पंचवीस हजारांच्या आसपास रक्कम व महाविद्यालयीन शिक्षण असेल, तर न दुमडणारा साधा लॅपटॉप घ्यावा, आणि शक्य असल्यास थोडी भर घालून ८ जीबी रॅम व एसएसडी असलेला घ्यावा. रक्कम दहा-बारा हजारच असेल आणि काम अभ्यास ऐकण्याचे असेल, तर टॅब्लेट घ्यावा व त्याला वेगळा कीबोर्ड जोडावा. हायब्रिड यंत्राचा विचार त्याहून पुष्कळ अधिक रक्कम हाती असेल, आणि लेखणीने लिहिण्याचे काम रोजचे असेल, तेव्हाच करावा.

दुकानात काय करावे?

आपली एखादी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जावी व ती नव्या यंत्रावर उघडून पाहावी. जोडाक्षरांनी भरलेला मराठी परिच्छेद स्वतः टंकून पाहावा. हायब्रिड असल्यास बिजागरी पाच-सात वेळा फिरवावी, पडदा सुटा करून पुन्हा जोडावा व कीबोर्ड लगेच ओळखला जातो की नाही हे पाहावे. यंत्र मांडीवर ठेवून लिहावे; सुट्या पडद्याची यंत्रे मेजावर नीट उभी राहतात, मांडीवर मात्र पुष्कळदा कलंडतात. दुरुस्तीकेंद्र आपल्याच शहरात आहे काय, याची चौकशी करावी. बैतूल वा बालाघाटच्या विद्यार्थ्यास दुरुस्तीसाठी वारंवार भोपाळ गाठावे लागले, तर प्रवासखर्चातच बचत बुडते.

यंत्रावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह असावे. लॅपटॉप व टॅब्लेट यांना ही नोंदणी सक्तीची आहे. जीएसटी क्रमांकासह पक्के बिल घ्यावे व त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेला असावा. कच्च्या पावतीवर चार पैसे वाचतात, परंतु हमीचा आधार तुटतो. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते.

बंधुभगिनींनो, शिक्षकांकडून या कामी मोठी अपेक्षा आहे. निकाल लागून रक्कम खात्यात येण्यापूर्वीच, शाळेतील बारावीच्या विद्यार्थ्यांना व पालकांना एक तास बसवून या गोष्टी समजावून सांगितल्या, तर अनेक घरांची फसगत टळेल. ग्रामपंचायतींनी व मराठी समाजाच्या संस्थांनीही असे मार्गदर्शन ठेवावे. प्रत्येक विद्यार्थ्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी कागदावर लिहून काढावे की, पुढील तीन वर्षांत त्याला काय पाहावयाचे आहे आणि काय लिहावयाचे आहे. ती यादी हाती असली म्हणजे दुकानातील झगमगाटाने मन विचलित होणार नाही, आणि गुणवत्तेने मिळविलेला पैसा गुणवत्तेच्याच कामी येईल.